पुस्तक नवव्या प्रकरणावर मिटू नका

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. रात्रीची जेवणं आवरली की मी धाकट्याला रोज एक प्रकरण वाचून दाखवते. इंग्रजीत वाचायचं, अडेल तिथे मराठीत सांगायचं. दिवाळीच्या सुट्टीत सी. एस. लुईस यांचं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' सुरू केलं. थोरलीने ते दोन वर्षांपूर्वीच वाचलंय.

पाडव्याला नणंदबाई आल्या. त्यांनी धाकट्याला चॉकलेटचा मोठा डबा दिला, जवळ बसवून घेतलं आणि बोलता बोलता विचारलं, "ताईला घटक चाचणीत किती पडले रे?" थोरली गणितात नापास झाली होती आणि तो पेपर तिने गादीखाली लपवला होता. हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं. त्याने सांगून टाकलं. नणंदबाईंनी दुपारी पानावर बसल्यावर सगळ्यांसमोर विषय काढला. थोरली ताटावरून उठून गेली. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला तिने त्याला ओवाळलं नाही. तेव्हापासून ती त्याला नावाने हाक मारत नाही. 'एडमंड' म्हणते, म्हणजे त्या पुस्तकात मिठाईच्या लोभाने भावंडांना फितूर होणारा मुलगा.

आता तो रात्री दचकून उठतो. म्हणतो, पुस्तकातली चेटकीण राणी आली मला न्यायला. मी पुस्तक बंद केलं, एडमंड राणीच्या वाड्यात पोचतो तिथे. सासूबाई म्हणतात, असली चेटकिणींची पुस्तकं पोरांच्या हातात द्यावीतच कशाला? मलाही आता तसंच वाटतंय. इतकी क्रूर बाई लहान मुलांच्या गोष्टीत का घालतात? त्यात थोरली विचारते, "आणि वाईट असते ती राणीच का?" मी काय करू?

धाकट्याची आई, सांगली

धाकट्याच्या आईस, सप्रेम नमस्कार.

पुस्तक आज रात्रीच पुन्हा उघडा. बाकीचं पुढे लिहिते, पण एवढं आधी सांगते, कारण तुम्ही ते जिथे मिटलंत ती त्या सबंध गोष्टीतली सगळ्यांत गार जागा आहे. एडमंड भावंडांना सोडून, कोट तसाच मागे टाकून, बर्फातून एकटा राणीच्या वाड्यावर येतो. अंगणभर दगडाचे पुतळे. भावंडं कुठे लपली आहेत, त्यांच्या बाजूचा सिंह अस्लान कुठे भेटणार आहे, सगळं तो तिला सांगतो. ती ताबडतोब स्लेज, म्हणजे बर्फावरची गाडी, जुंपायला सांगते, आणि घुंगरं नकोत म्हणते, म्हणजे कुणाला चाहूल लागणार नाही. इथे नववं प्रकरण संपतं आणि इथेच तुम्ही पुस्तक कपाटात ठेवलंत. तुमच्या मुलाच्या लेखी गोष्ट इथेच संपली. तोंडून गेलेलं परत घेता येत नाही आणि राणी घरातून निघाली आहे. नऊ वर्षांचं पोर अशा जागी एकटं राहिलं तर रात्री उठणारच. पुढची आठ प्रकरणं शिल्लक आहेत. त्याला ज्याची गरज आहे ते सगळं त्या आठ प्रकरणांत आहे.

आता राणीबद्दल. चौथं प्रकरण तुम्ही पुन्हा एकदा एकट्याने वाचा. ती एडमंडला पहिल्यांदा भेटते तेव्हा डोळे वटारते, उठते, कांडी उगारते. मग मधेच थांबते, बेत बदलते आणि तिचा आवाजच पालटतो. किती गारठलास रे बाळा, ये, इथे माझ्याजवळ बस, माझ्या झग्यात घेते तुला. मग त्याला गरम, गोड, फेसाळ काहीतरी प्यायला देते. मग विचारते, तुला खायला सगळ्यांत जास्त काय आवडतं? आणि बर्फावर एक थेंब पाडून त्यातून हिरव्या रेशमी फितीने बांधलेला गोल डबा काढते. डबाभर टर्किश डिलाइट.

हा पदार्थ तुमच्या मुलाने बहुधा खाल्ला नसेल. साखर आणि स्टार्च आटवून केलेल्या मऊ वड्या असतात, गुलाबाच्या वासाच्या, वरून पिठीसाखर भुरभुरलेली. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं म्हणजे कॉर्नफ्लॉवरचा कराची हलवा. तो आणून ठेवा त्या रात्री. आणि त्याला हेही सांगा की ही गोष्ट १९५० साली छापून आली तेव्हा इंग्लंडमध्ये गोळ्या-चॉकलेटं अजून रेशनवर होती. महायुद्धात, १९४२ साली सुरू झालेलं ते रेशन १९५३च्या फेब्रुवारीत कायमचं उठलं. मधे १९४९ साली काही महिने उठवून बघितलं, तर दुकानं ओस पडली आणि पुन्हा लावावं लागलं. म्हणजे हे पुस्तक तिथे पहिल्यांदा ज्या मुलांनी वाचलं त्यांच्यातल्या बहुतेकांना मनसोक्त गोड खाणं ठाऊकच नव्हतं. गोष्टीतली चारही भावंडं लंडनवर बाँब पडतात म्हणून आईपासून लांब, परक्या घरी येऊन राहिलेली. अशा मुलापुढे डबाभर मिठाई ठेवली आणि 'माझ्याजवळ बस' म्हटलं, तर तो बसणारच. लुईस यांना हे पक्कं ठाऊक होतं. १९३९ साली त्यांच्या ऑक्सफर्डच्या घरीही अशी लंडनहून पाठवलेली मुलं राहायला आली होती.

एडमंड खातो आणि ती विचारत राहते. तोंडात घास असताना बोलू नये, हे सुरुवातीला त्याच्या लक्षात असतं. मग तेही सुटतं. भावंडं किती? चार? नक्की चार? ती पुन्हा पुन्हा त्या आकड्यावर येते, कारण नार्निया या तिच्या राज्यातल्या केअर पॅरावेल नावाच्या वाड्यातल्या चार सिंहासनांवर माणसाची चार लेकरं बसली की तिचं राज्य बुडणार आहे. त्याला वाटतं, केवढ्या मायेने चौकशी करते आहे. डबा संपतो. आणखी? आत्ता नाही. भावंडांना घेऊन ये, मग देईन, राजपुत्र करीन. आणि एक, कुणाला सांगायचं नाही हं, आपल्या दोघांचं गुपित.

आधी खाऊ, मग प्रश्न, मग 'कुणाला सांगू नकोस'. मोठं माणूस लहान मुलाला कसं जाळ्यात ओढतं, हे मी मुलांच्या कुठल्याही पुस्तकात इतकं स्वच्छ लिहिलेलं वाचलेलं नाही. तुम्ही विचारलंत ना, इतकी क्रूर बाई कशाला घालतात? ही माहिती मुलापर्यंत पोचावी म्हणून. ती राणी दात विचकत आली असती तर एडमंड पळाला असता आणि मुलं काहीच शिकली नसती. वाचताना धाकट्याला एवढंच विचारा, "राणीचा आवाज कुठे बदलला रे?" तो बरोबर दाखवेल. मुलांना ती जागा कळते, आपण विचारायचं राहून जातं.

इथे नणंदबाईंचा विषय येतो. त्यांना राणी ठरवू नका, मुलांसमोर तर मुळीच नको. भाच्याला चॉकलेट आणणं यात काही वाईट नाही आणि भाचीची चौकशी करणं हेही आत्याचं कामच. पण नऊ वर्षांच्या मुलाकडून घरातली गोष्ट काढून घ्यायची आणि ती भरल्या पंगतीत मांडायची, हे चुकलं. ते कुणीतरी त्यांना सांगायला हवं. ते तुम्ही सांगू नका. तुमच्या यजमानांनी सांगावं. बहीण त्यांची आहे, त्यांनी एकट्याने फोन करून चार वाक्यांत सांगावं आणि विषय संपवावा. मुलांच्या कानावर इतकंच जाऊ दे की बाबांनी आत्याशी बोलणं केलं. थोरलीला यातून किती आधार मिळेल, याची तुम्हाला कल्पना नाही. आत्तापर्यंत त्या घरात तिची बाजू घेऊन कुणी बोललेलं तिने ऐकलेलंच नाही.

आणि धाकट्याला "जाऊ दे, तू लहान आहेस, तुझं काही चुकलं नाही" असं म्हणू नका. त्याचं चुकलंय. तेही साधंसुधं नाही, ताईने त्याच्या एकट्यावर टाकलेला विश्वास होता. त्याला ते कळलंय म्हणून तर तो झोपत नाही. तुम्ही 'काही झालंच नाही' म्हणालात तर त्याच्या मनातली गोष्ट बोलायला त्याला कुणी उरणार नाही. पुस्तकही एडमंडला अशी सूट देत नाही. मिठाईवर जादू होती हे लेखक सांगतो, पण राणी भेटायच्या आधीपासून तो धाकट्या बहिणीला, ल्युसीला, चिडवत होता, छळत होता, हेही सांगतो. नार्नियाला स्वतः जाऊन आल्यावर 'आम्ही नुसते खेळत होतो' असं खोटं सांगून तो ल्युसीला तोंडघशी पाडतो, तेव्हा लेखक स्वतः मधे येऊन म्हणतो की या गोष्टीतल्या सगळ्यांत ओंगळ जागांपैकी एक आता येते आहे.

आता अकरावं प्रकरण. माझं सगळं पत्र या एका प्रकरणासाठी आहे म्हटलंत तरी चालेल.

राणीकडे येऊन एडमंड मिठाई मागतो. त्याला मिळतो लोखंडी ताटलीत वाळक्या पावाचा तुकडा. मग ती त्याला स्लेजमध्ये घालून बर्फातून घेऊन निघते. त्याच्या अंगात कोट नाही, हिमवर्षाव होतोय, आणि ही बाई आपल्यावर माया करते असं समजायला आता त्याला कुठलंही निमित्त उरलेलं नाही. सकाळी रानात एका झाडाखाली काही जनावरं टेबल मांडून जेवायला बसलेली दिसतात. खारीण, तिचा नवरा, पोरं, एक म्हातारा कोल्हा, आणखी दोघंतिघं. मधे प्लम पुडिंग. त्या राज्यात शंभर वर्षं हिवाळा आहे आणि नाताळ कधीच आलेला नाही. आज पहिल्यांदा आलाय. राणी विचारते, हे कुणी दिलं? कोल्हा त त प प करत फादर ख्रिसमसचं नाव घेतो. ती म्हणते, खोटं बोललो म्हणा, सोडते. सगळे गप्प. आणि खारीचं एक पिल्लू, हातातला इवलासा चमचा टेबलावर आपटत, किंचाळतं, 'आला होता! आला होता! आला होता!'

राणी कांडी उचलते. एडमंड ओरडतो, 'नको, नको ना!' पण कांडी फिरलेली असते. पुडिंग दगडाचं, ताटल्या दगडाच्या, एकाचा काटा तोंडाजवळ जाता जाता थांबलेला, तोही दगडाचा. मधे बोलल्याबद्दल ती एडमंडच्या तोंडावर फटका मारते. आणि लुईस लिहितात की या गोष्टीत पहिल्यांदाच एडमंडला स्वतःखेरीज दुसऱ्या कुणाचं तरी वाईट वाटलं.

मी काही वर्षं एका वाचनालयात शनिवारी दुपारी मुलांना वाचून दाखवत असे. पंधरा-वीस मुलं सतरंजीवर बसायची, प्रत्येकाच्या हातात बिस्किटं. हे प्रकरण वाचत होते तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाने चावा घ्यायला उचललेलं बिस्किट तसंच हळूच खाली आणलं आणि मांडीवर ठेवलं. तोंडातलंही चावायचा थांबला. वाचन संपेपर्यंत त्याने त्या बिस्किटाला हात लावला नाही. वर्गात मारामाऱ्या करणारा, खोडकर म्हणून नाव निघालेला मुलगा होता तो. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "एडमंड 'नको' म्हणाला ना पण." मी म्हटलं, म्हणाला. "मग झालं," म्हणाला आणि गेला.

तुमच्या धाकट्याला हे 'नको' ऐकायला मिळालेलं नाही. त्याला ठाऊक आहे तो फक्त सगळं सांगून टाकणारा एडमंड. पुस्तक बंद करून तुम्ही राणीला थांबवलं नाहीत. एडमंडचं परत येणं तेवढं थांबवलंत.

जमलं तर हे प्रकरण थोरलीला वाचायला सांगा. आग्रह नको. "माझा घसा बसलाय, तू वाचतेस का?" एवढंच. नाही म्हणाली तर तुम्ही वाचा, पण ती ज्या खोलीत असेल तिथे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

थोरलीशी वेगळं बोलायचंय. ती दुखावली आहे आणि तिचा राग खरा आहे. धाकट्याला झोप लागत नाही म्हणून तिने लगेच माफ करून मोकळं व्हावं, असं तिच्यावर लादू नका. आपल्या घरांत थोरल्या मुलींकडून ही अपेक्षा फार लवकर केली जाते. पण तिला एक आठवण जरूर करून द्या. तिने हे पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं आहे. एडमंड हे नाव पुढे कुठे जातं, हे त्या घरात तिला ठाऊक आहे आणि भावाला ठाऊक नाही. लढाईत थोरल्या भावाच्या, पीटरच्या, बाजूचे सगळे राणीवर धावून जात होते आणि दगड होऊन पडत होते. एडमंड एकटा असा निघाला ज्याने तिच्यावर वार न करता आधी तिची कांडी तोडली. कारण ती कांडी काय करते हे त्याने अगदी जवळून, स्लेजमध्ये बसून पाहिलेलं होतं. त्यात तो मरता मरता वाचला. पुढे राजा झाल्यावर त्याला लोकांनी नाव दिलं 'न्यायी एडमंड'. भावाला ती ज्या नावाने हिणवते आहे ते नाव हे आहे. तिला इतकंच सांगा, "एडमंड म्हणायचं असेल तर म्हण, पण मग पुरता एडमंड त्याला सांग."

आणि पीटर काय म्हणतो तेही तिला आठवत असेल. अस्लानसमोर उभं राहून पहिल्यांदा एडमंडची फितुरी सांगायची वेळ येते, तेव्हा सगळ्यांत मोठा भाऊ म्हणतो की यात थोडी चूक माझीही आहे, मी त्याच्यावर चिडलो होतो आणि त्यामुळेही तो वाकड्या वाटेला लागला. अस्लान त्याला 'छे छे, तुझं काय चुकलं' म्हणत नाही, आणि रागावतही नाही. नुसता बघतो. ही जागा मात्र थोरलीपेक्षा तुमच्यासाठी आहे. तो पेपर गादीखाली का गेला? गणितात नापास होणं ही आईला सांगता येणार नाही अशी गोष्ट तिला का वाटली? मी तुमच्या घरात राहत नाही, उत्तर तुम्हालाच ठाऊक. पण भाऊ-बहिणीचं हे भांडण मिटवायच्या आधी तुम्ही तिच्या शेजारी बसून तो पेपर बाहेर काढा, सपाट करा आणि पहिलं गणित दोघी मिळून सोडवा. मार्कांबद्दल एक अक्षर न बोलता. आणि त्या दिवशी पंगतीत तुम्ही गप्प राहिला असाल तर तेही तिच्यापाशी कबूल करा. पीटरसारखं, एका वाक्यात.

माफी मागायची वेळ आली की लोक गडबडतात. तेराव्या प्रकरणात ती कशी येते बघा. एडमंडची सुटका होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्लान आणि तो दवाने ओल्या गवतावरून दोघंच चालत असतात. काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही, लेखकानेही लिहिलेलं नाही. मग अस्लान त्याला भावंडांकडे आणतो आणि म्हणतो, हा तुमचा भाऊ, आणि झाल्या गोष्टीबद्दल त्याच्याशी बोलायची गरज नाही. एडमंड एकेकाशी हस्तांदोलन करून एकेकाला 'माझं चुकलं' म्हणतो. तेही 'ठीक आहे' म्हणतात. आणि मग सगळ्यांना काहीतरी साधं, रोजचं बोलावंसं वाटतं, ज्यातून कळेल की आता सगळं पूर्वीसारखं आहे, आणि कुणालाच काही सुचत नाही. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. माफीनंतरचं ते अवघडलेपण मुलांच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही. तुमच्याही घरी तसंच होईल. धाकटा 'सॉरी ताई' म्हणेल, ती 'हं' म्हणेल आणि दोघं इकडेतिकडे बघतील. त्या वेळी 'आता हात मिळवा, आता हसा' असं काही करू नका. पोळ्या लाटत असाल तर लाटत राहा. आणि त्यानंतर पाडव्याचा विषय तुमच्या तोंडून पुन्हा कधीही निघता कामा नये, चार वर्षांनी चेष्टेतसुद्धा.

सासूबाईंना काय सांगायचं? त्यांना विचारा, श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची कहाणी त्या वाचत असतील ना? त्या कहाणीतली राणी काय करते? स्वतःला मूल नाही म्हणून सुईणीला पैसे चारते, गरीब ब्राह्मणीचं नुकतं जन्मलेलं बाळ पळवते आणि त्या आईपुढे वरवंटा ठेवून तुला हेच झालं म्हणून सांगते. पोटच्या पोराच्या जागी दगड. आपल्या आज्यांनी ही गोष्ट पोरासोरांना मांडीवर घेऊन सांगितली आणि कुणाची झोप उडाली नाही, कारण त्यांनी ती कधी वरवंट्यापाशी थांबवली नाही. साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरी सुफळ संपूर्ण होईपर्यंत कुणी पाटावरून उठत नसे. सासूबाईंना हे लगेच पटेल. लुईस यांचंही म्हणणं हेच होतं की मुलांना पुढे दुष्ट माणसं भेटणारच आहेत, तर निदान शूर माणसांच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असू देत.

थोरलीचा प्रश्न मला फार आवडला. वाईट असते ती राणीच का? तिची तक्रार रास्त आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ साली 'स्नो व्हाइट' पहिल्यांदा छापली तेव्हा त्यातली दुष्ट राणी त्या मुलीची सख्खी आई होती. १८१९च्या आवृत्तीत त्यांनी तिची सावत्र आई केली. आईपण सोवळं ठेवायचं होतं, मग पाप सावत्र आईच्या माथी मारलं. 'अॅलिस'मधली ऊठसूट डोकी उडवा म्हणणारी बदामची राणी १८६५ सालची. अँडरसनची बर्फाची राणी १८४४ची, तीही पांढऱ्या स्लेजमधून येऊन मुलाला घेऊन जाते. बाईच्या हातात सत्ता दिली की असं होतं, असं या गोष्टी एकामागून एक वाचल्यावर वाटू शकतं, आणि मुलींना ते खटकायलाच हवं.

पण तिला म्हणावं, याच मालिकेतलं १९५५ सालचं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' वाच. राणीची मूळ हकीकत तिथे आहे. तिचं नाव जेडिस, गाव चार्न. सख्ख्या बहिणीशी सिंहासनासाठी युद्ध, हरायची वेळ आली तेव्हा तिने एक शब्द उच्चारला आणि तिच्याखेरीज त्या जगातला प्रत्येक जीव मेला. मुलं विचारतात, पण ती साधी माणसं? ती म्हणते, माझीच प्रजा होती ना, माझ्या इच्छेसाठीच तर होती. आणि म्हणते की तुम्हा सामान्यांना जे पाप, ते माझ्यासारख्या थोर राणीला पाप नसतं. आमचं प्राक्तन उंच आणि एकाकी. हे ऐकताना डिगरी नावाच्या मुलाच्या लक्षात येतं की अगदी हेच शब्द त्याच्या मामाने आधी वापरले होते. तो मामा म्हणजे लंडनमध्ये माळ्यावर बसून चोरून जादूचे प्रयोग करणारा एक भित्रा, पोकळ माणूस, ज्याने स्वतःची कातडी वाचवून एका लहान मुलीला फसवून दुसऱ्या जगात ढकललेलं असतं. राणीच्या तोंडी ते शब्द भव्य वाटतात, कारण ती सात फूट उंच आणि देखणी आहे. माळ्यावरच्या माणसाच्या तोंडी ते जसे आहेत तसे दिसतात. थोरली तेरा वर्षांची आहे, तिला हे बरोबर कळेल. नियम माझ्यासाठी नाहीत म्हणणारे कोण कोण तिला माहीत आहेत, त्यांची यादी तिला करू दे. त्यात बाया किती आणि पुरुष किती, तेही तिनेच मोजावं.

धाकट्याला ते पुस्तक इतक्यात देऊ नका. त्यातल्या डिगरीची आई अंथरुणाला खिळलेली आहे, आणि राणी नेमकी तिथेच बोट ठेवते, हे सफरचंद चोर, तुझी आई बरी होईल. लुईस यांची स्वतःची आई ते नऊ वर्षांचे असताना कर्करोगाने गेली. त्या पानांवर ते जाणवतं. तुमचा मुलगाही सध्या नऊचाच आहे. एक वर्ष जाऊ दे.

आता फक्त वाचायचं कसं ते सांगते. सुरुवात नवव्या प्रकरणातल्या अंगणापासून पुन्हा करा, कारण तिथे एक गंमत त्याच्या नजरेतून सुटली असेल. दगडाच्या सिंहाला पाहून एडमंड आधी घाबरतो आणि मग खिशातल्या पेन्सिलीच्या तुकड्याने त्याला मिशा आणि चष्मा काढतो. तरी त्याला मजा येत नाही, कारण त्या दगडाच्या चेहऱ्यावर फार दुःख असतं. हा सिंह धाकट्याला लक्षात ठेवायला सांगा. तो सोळाव्या प्रकरणात पुन्हा भेटणार आहे, जिवंत, आणि अस्लान 'आपण सिंह' म्हणाला, आपल्याला धरून म्हणाला, म्हणून आनंदाने सगळ्यांना सांगत सुटलेला.

रोज एक प्रकरण हा तुमचा नेम चांगला आहे, एका रात्रीपुरता मोडा. चौदावं प्रकरण जड आहे. एडमंडच्या बदल्यात अस्लान स्वतः राणीच्या हाती जातो, तिचे सेवक त्याची आयाळ कापतात, मुसक्या बांधतात, दगडी टेबलावर आडवा करतात. राणी सुरी घेऊन वाकते आणि प्रकरण संपतं. ते शनिवारी वाचायला घ्या, दुसऱ्या दिवशी शाळा नसते. धाकट्याला कुशीत घेऊन वाचा आणि कितीही वाजले असले तरी दिवा न मालवता लगेच पंधरावं सुरू करा. त्यात उंदीर येतात आणि अस्लानच्या अंगावरचे दोर कुरतडायला लागतात. तिथवर पोचल्याशिवाय त्याला झोपवू नका.